पोरगी शहाणी झाली म्हणे

प्रश्न क्रमांक अकरा असा होता: ‘पहिली पाळी येण्यापूर्वी तुला पाळीबद्दल माहिती होती का?’ पुढे दोन चौकोन. होय. नाही.

एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला असताना ही प्रश्नावली घेऊन मी बीड जिल्ह्यातल्या तीन गावांत हिंडले. माझं स्वतःचं गाव तिथून चाळीस किलोमीटर. त्यामुळे भाषेची अडचण नव्हती, मुलींशी गट्टी जमायला वेळ लागत नव्हता, आणि गाईडना वाटत होतं की ही भरभर फॉर्म भरून आणेल. आणलेही. पण अकरा नंबरच्या प्रश्नाशी आठवीतल्या एका मुलीनं मला अडवलं. ती म्हणाली, “माहिती म्हंजे कसली?”

मी म्हटलं, “म्हणजे असं काही होतं, हे माहीत होतं का?”

“आई बाजूला बसायची ते म्हाईत व्हतं. कावळा शिवला म्हणायचे. तवा भाकरी मी करायचे. आन् आईचं पोट दुखायचं त्या टायमाला. कापड कुठं वाळू घालती ते बी म्हाईत व्हतं. पण मला बी हुईल, ते कुणी सांगितलं न्हवतं.”

आता यावर काय खूण करणार? मी ‘नाही’वर केली. रकाना तेवढाच होता.

त्या खुणेला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात या विषयावर दोन गाजलेले सिनेमे आले, सरकारी योजना आल्या, पॅडच्या जाहिरातीतलं निळं पाणी जाऊन लाल आलं. हा लेख खरं तर त्या सिनेमांबद्दल लिहायला घेतला होता. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की माझी ती प्रश्नावली आणि हे सिनेमे एकाच घराण्यातले आहेत. गावातल्या मुलीसमोर उभं राहून ते एकच प्रश्न विचारतात, ती गप्प बसते किंवा लाजून हसते, आणि ते ‘नाही’वर खूण करतात. म्हणून समीक्षा करायचीच तर या खुणेची करावी.

आधी भाषेचं बघू, कारण तिथेच पहिली गंमत आहे. आमच्याकडे मुलीला पहिल्यांदा पाळी आली की म्हणतात, ‘पोरगी शहाणी झाली.’ न्हाण आलं, पदर आला, न्हातीधुती झाली, मोठी झाली, असे शब्द सगळीकडे आहेत. पण ‘शहाणी झाली’ हा मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतो. कालपर्यंत जिला काही सांगितलं नव्हतं आणि आजही सांगणार नाही, ती एका रात्रीत शहाणी! या शहाणपणाचा अर्थ गावाच्या हिशेबात पक्का आहे: आता हिला एकटं सोडायचं नाही, भावाच्या मित्रांशी बोलू द्यायचं नाही, आणि स्थळं बघायला लागायचं. शहाणी झाली म्हणजे लग्नाच्या बाजारात आली. ज्ञानाचा शब्द वापरून ज्ञानाची दारं बंद करायची ही किमया भाषेनं केव्हाच करून ठेवली आहे, आपण फक्त वापरतो.

बाकीचे शब्द तर सगळे लपवणारे. कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली, अडचण आली. कॉलेजात गेल्यावर प्रॉब्लेम, डेट, एमसी. शब्द बदलतात, लपवणं तेच. पण मला इथे थोडं थांबायचंय. सांकेतिक शब्द म्हणजे अज्ञान, असं आपण पटकन म्हणतो. कावळा शिवल्याचं आमच्या वाड्यातल्या सगळ्या बाया एकमेकींना सांगत, पुरुषांच्या देखत, चारचौघांत, आणि लगेच कामांची वाटणी बदलत असे. कुणी पाणी आणायचं, कुणी भाकरी टाकायच्या. ज्या शब्दानं इतकं काम होतं तो शब्द अडाणी कसा? अपुरा म्हणू. क्रूरही म्हणू, कारण त्या शब्दाबरोबर बाजूची गोधडी, वेगळा तांब्या हेही येतंच.

तर सिनेमे.

‘पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स.’ हा रायका झेहताबची या दिग्दर्शिकेचा माहितीपट. २०१९ साली त्याला सर्वोत्तम लघुमाहितीपटाचं ऑस्कर मिळालं. लांबी अर्धा तासही नाही. उत्तर प्रदेशातल्या हापुड जिल्ह्यातलं काठीखेडा गाव, तिथे बसवलेलं पॅड तयार करायचं यंत्र, आणि ते चालवणाऱ्या बायका. पैसे उभे केले लॉस एंजलिसच्या एका शाळेतल्या विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या शिक्षिकेनं. नावात कोटी आहे: पीरियड म्हणजे पाळी आणि पूर्णविरामही, सेंटेन्स म्हणजे वाक्य आणि शिक्षाही. मराठीत ही कोटी जमत नाही. आपल्याकडे ‘पाळी’ला दुसराच अर्थ चिकटलेला आहे, आता तुझी पाळी.

सिनेमा सुरू होतो तोच मुलींच्या हसण्यानं. पाळी म्हणजे काय, असं विचारल्यावर मुली ओढणीत तोंड लपवतात, एकमेकींना कोपर मारतात, हसून हसून मुरकुंडी वळते. मुलांना विचारलं तर ते म्हणतात, हा बायकांना होणारा एक आजार आहे. थिएटरात किंवा मोबाइलवर बघणारे आपण चुकचुकतो: बघा, किती अज्ञान. आणि अज्ञान आहेच. पण तो प्रश्न कोण विचारतंय? परक्या माणसांचा ताफा, हातात कॅमेरा, डोक्यावर माइकची काठी. पुण्यात कर्वे रस्त्यावर एखाद्या इंजिनियर मुलीला थांबवून कॅमेऱ्यासमोर ‘पाळी म्हणजे काय ते सांगा’ म्हटलं तर ती काय करेल? मीही बहुधा हसेन. लाजेनं फुटलेलं हसू आणि माहिती नसल्याचं हसू कॅमेऱ्याला सारखंच दिसतं. दिग्दर्शिकेनं ते वेगळं काढायचा प्रयत्न केलेला नाही. संकलन असं आहे की प्रत्येक हसू ‘नाही’च्या चौकोनात जाऊन पडतं.

आणि तरीही हा सिनेमा मला आवडतो, दोन जागांसाठी. एक म्हणजे स्नेहा. तिला दिल्ली पोलिसात जायचंय, लग्न टाळायचंय, आणि पॅडच्या कामातून मिळणाऱ्या पैशावर ती त्याची तयारी करतेय. पाळीत देवळात जायचं नाही या नियमाबद्दल ती अगदी सहज सांगते की आम्ही मैत्रिणी मिळून यावर विचार करतो, ज्या देवीची पूजा करायची तीही बाईच आहे, मग हा नियम मला काही पटत नाही. बस, एवढंच. माहितीपटातल्या सगळ्या ‘जागृती’पेक्षा हे वाक्य मोठं आहे, कारण ते कुणी शिकवलेलं नाही. पॅडचं यंत्र यायच्या आधीपासून त्या मैत्रिणी हा वाद घालत होत्या. म्हणजे गावात विचार होता. फक्त तो विचारणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे चौदाव्या शतकात सोयराबाईनं देहाच्या विटाळाबद्दल सरळ विठ्ठलालाच जाब विचारला होता. ती काही आरोग्य शिबिराला जाऊन आलेली नव्हती.

दुसरी जागा सिनेमा जवळजवळ न बघताच पुढे जातो. एक मुलगी सांगते की पाळी सुरू झाल्यावर शाळेत कपडा बदलणं अवघड व्हायचं, लांब जावं लागायचं, पुरुष बघत असायचे. शेवटी शाळा सोडली. हे नीट ऐकलं तर काय कळतं? तिला पाळीबद्दल सगळी माहिती असती तरी शाळा सुटलीच असती. हातात पॅड असतं तरी ते बदलायला आडोसा लागलाच असता. पण आडोसा बांधला तर त्याचं नाट्य होत नाही. यंत्र गावात येतं, टेम्पोतून उतरतं, खडखड चालू होतं, हे दाखवायला बरं. सिनेमाला यंत्र हवं असतं, हे मी समजू शकते. मुलीला कडी लागणारं दार हवं असतं.

‘पॅडमॅन’बद्दल थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहून झालंय. आर. बाल्कींचा हा सिनेमा २०१८च्या फेब्रुवारीत आला. कोइम्बतूरच्या अरुणाचलम मुरुगनंतम यांची गोष्ट उचलून नर्मदेकाठी महेश्वरला आणून ठेवली. मुरुगनंतम यांनी स्वस्त यंत्र बनवलं, त्यासाठी घरदार पणाला लावलं, ते यंत्र मोठ्या कंपनीला न विकता बचतगटांना दिलं. हे काम अस्सल आहे, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझा आक्षेप सिनेमातल्या मुलीबद्दल आहे. शेजारची एक पोर नुकतीच न्हातीधुती झालेली असते, तिचा सोहळा होतो, आणि आपला नायक रात्री तिला पॅड द्यायला जातो. गावात बोंब. या सगळ्या प्रसंगात ती मुलगी काय म्हणते? मला आठवत नाही, आणि मी सिनेमा तीनदा पाहिलाय. तिच्याकडे एक माणूस वस्तू घेऊन आला, बाकीच्यांनी त्याला मारलं, ती मधे उभी. तिच्या अंगात काय चाललंय हे तिला कुणी सांगावं, असं नायकालाही सुचत नाही. आणि मला आठवतो तो सगळ्यांत लांबलेला, ठसठशीत डाग कुणाचा? नायकाच्या पँटवरचा, फुग्यात भरलेल्या जनावराच्या रक्ताचा. पाळीवरच्या सिनेमात पाळीचा भोग पुरुषानं भोगावा, हे हिंदी सिनेमाच्या परंपरेला धरूनच झालं म्हणा.

राधिका आपटेची गायत्री या सिनेमात अडाणी लाजेची पुतळी आहे. आजार चालेल, पण ही लाज नको, असं तिचं म्हणणं. पटकथेला ते मूर्खपणाचं वाटतं. मला वाटत नाही. नवरा यंत्र बनवून जग जिंकायला बाहेर पडणार, गायत्रीला त्याच गल्लीत, त्याच बायकांत राहायचंय. तिची लाज हा हिशेब आहे. आमच्या गावात ज्या मुलीचा डाग शाळेच्या बाकावर दिसला तिचं नाव पुढची चार वर्षं त्या बाकाला चिकटलं. लाज झटका, असं सांगणारे संध्याकाळच्या एसटीनं परत जातात. (मीही जायचे. साडेपाचची होती.)

आता आकडे. माझी प्रश्नावली एकटी नव्हती, देशभर अशा शेकडो पाहण्या झाल्या. २०१६ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात भारतातल्या अशा १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात मिळून सुमारे ९७ हजार मुली होत्या. निम्म्याहून थोड्या कमी, ४८ टक्के मुलींना पहिल्या पाळीआधी पाळीबद्दल ठाऊक होतं. रक्त गर्भाशयातून येतं हे माहीत असलेल्या साधारण चौथा हिस्सा, २३ टक्के. धार्मिक बंधनं पाळणाऱ्या ७७ टक्के. पाळीत शाळा बुडवणाऱ्या सुमारे २४ टक्के.

यांतला पहिला आकडा सगळे उद्धृत करतात. भाषणात, प्रकल्प अहवालात, पॅडच्या जाहिरातीत. त्या ४८ आणि ५२मध्ये माझ्या त्या आठवीतल्या मुलीसारख्या किती असतील, हे कुणाला कळणार? मला जास्त छळतो तो दुसरा, २३चा. त्याच्याकडे परत येते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं वेगळंच. २०१९–२१च्या पाचव्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ग्रामीण मुलींपैकी ७२ टक्के ‘स्वच्छ साधनं’ वापरतात असं दिसलं, शहरी मुलींत ८९. स्वच्छ साधनं म्हणजे विकतचे पॅड, गावात बनवलेले पॅड, टॅम्पॉन, कप. कापड स्वच्छमध्ये बसत नाही. ते साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलेलं असो की ओलंच पत्र्याच्या पेटीमागे कोंबलेलं. आणि एकच पॅड सकाळपासून संध्याकाळपर्यंत वापरलं तरी ते स्वच्छ. अशी व्याख्या केली की पॅडचा खप वाढला म्हणजे आरोग्य सुधारलं, असं गणित आपोआप सुटतं. कापडातली खरी गोची उन्हाची आहे. माझ्या प्रश्नावलीत ‘गैरसमज’ नावाचा एक रकाना होता, त्यात मुलींनी सांगितलेलं मी लिहून घ्यायचे: कापडावरून साप गेला तर मूल होत नाही, कापडावर पुरुषाची नजर पडू नये. आम्ही त्यापुढे बरोबर-चूक लिहिलं. पण या गोष्टीचं काम काय, तर कापड झाकायला लावणं. झाकलं की ऊन लागत नाही. ऊन लागलं नाही की खाज, चट्टे, जंतुसंसर्ग. साप नसतो हे पटवून देऊन उपयोग नाही. दोरीवर ते कापड सगळ्यांच्या देखत वाळत घालायची कुणाची हिंमत आहे, ते विचारायला हवं होतं. साप विचारण्याइतकं ते सोपं नव्हतं.

महाराष्ट्र सरकारनं २०१८च्या महिला दिनाला अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगली गोष्ट. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला, तीही चांगली गोष्ट. वापरलेले पॅड टाकायचे कुठे हे मात्र पाच रुपयांत बसलं नाही. आमच्या गावच्या ओढ्यात आता ते दिसतात.

मुलींपर्यंत पाळीचं ज्ञान कोणत्या मजकुरातून पोचतं, याचा एकदा नीट विचार करून बघा. माझ्यापर्यंत पहिला मजकूर आला तो ऋषिपंचमीच्या कहाणीचा. भाद्रपदात, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आजी उपास करायची. बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्या. मग कहाणी. विटाळ न पाळता घरात शिवाशिव केली म्हणून एक बाई पुढच्या जन्मी कुत्री होते आणि तिचा नवरा बैल, आणि दोघंही स्वतःच्याच मुलाच्या दारात येतात. मुलगा त्यांना ओळखत नाही. कुत्री खिरीत विष पडलेलं बघते, सगळ्यांना वाचवायला खिरीला तोंड लावते आणि मार खाते.

आठ वर्षांची होते मी. ती मार खाणारी कुत्री मला अजून दिसते. मजकूर म्हणून बघितलं तर ही कहाणी जबरदस्त आहे: पात्रं आहेत, रहस्य आहे, अन्याय आहे, आई आहे. म्हणणं काय, तर भयंकर. बाईच्या अंगातलं रक्त हा गुन्हा, आणि शिक्षा जन्म ओलांडून येते. पण ती चांगली सांगितलेली आहे आणि वेळेवर येते, मुलीला पाळी येण्याच्या आधी.

दुसरा मजकूर पाठ्यपुस्तकाचा. मासिक पाळीचं चक्र नीट आकृतीसह येतं ते दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात. दहावीत मुलगी पंधरा वर्षांची असते. तोपर्यंत तिला पाळी येऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात, आमच्याकडे काहींची लग्नंही. आकृतीत गर्भाशय असतं, दोन बाजूंना अंडाशयं, बाणांनी दाखवलेली संप्रेरकं. बाई नसते. पोट नाही, कंबर नाही, हे अंगात कुठे बसवायचं याचा काही पत्ता नाही. मी शाळेत असताना असाच एक धडा आला तेव्हा सरांनी ‘हा भाग घरी वाचा’ सांगून पान उलटलं होतं. घरी वाचला. मला ते फुलाचं चित्र वाटलं.

एकीकडे कुत्रीची गोष्ट, दुसरीकडे फुलाचं चित्र. या दोन्हींत जिंकणार कोण? र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून पुढे सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, शरीराबद्दल न लाजता मराठीत लिहिलं, खटले अंगावर घेतले. ती भाषा गावातल्या शाळेपर्यंत पोचली नाही. मुलगी समोर बसलीय असं समजून लिहिलेला मजकूर अजूनही मोजकाच आहे.

आता त्या २३ टक्क्यांकडे येते. रक्त गर्भाशयातून येतं, हे किती जणींना ठाऊक. पाहणीत हा प्रश्न ज्ञानाच्या रकान्यात असतो, सामान्यज्ञानासारखा. ठाऊक असलं तर एक गुण, नसलं तर शून्य. गुण गेल्यानं बिघडतं काय, हे मला माझ्या चुलत बहिणीनं शिकवलं.

आमच्याकडे गर्भाशयाला ‘गर्भाशय’ कुणी म्हणत नाही. ‘पिशवी’ म्हणतात. पिशवी सुजली, पिशवी खाली आली, पिशवीला गाठ आली. पिशवी ही भरायची असते, रिकामी करायची असते, आणि काम झालं की टाकायची. दोन मुलं झाली, आता पिशवी कशाला? हा प्रश्न मी बायकांच्या तोंडून इतक्या सहज ऐकलाय की तो शहाणपणाचाच वाटावा. ‘शहाणी झाली’पासून ‘पिशवी काढली’पर्यंतचं अंतर आमच्या भागात कधी कधी बारा-तेरा वर्षांचं असतं.

बहीण माझ्याच वर्गातली. माझ्या प्रश्नावलीत ती बसली असती तर चांगले गुण मिळाले असते: पाळी माहीत होती, कारण मीच सांगितलं होतं, कापड सोडून पॅड वापरायची, देवळात न जाणं तिला पटत नसे. बारावीच्या आधी लग्न झालं. नवरा ऊसतोडीला जायचा, तीही जायला लागली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते, आणि खाडा झाला तर दंड. फडात, कोपीत, ट्रकच्या मागे कुठे बदलणार पॅड? पहाटे चारला उठून रात्री मोळ्या चढवेपर्यंत अंग धुवायला पाणी नाही. पांढरं जायला लागलं, पोट दुखायला लागलं. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथे सोनोग्राफी करून सांगितलं की पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. सव्वीस वर्षांची होती. काढली. पाळी गेली म्हणजे खाडाही गेला, असं तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात सुटका होती. मी काही बोलले नाही.

२०१९ साली बीडच्या या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे.

पाळीवरच्या सिनेमांत आणि पाहण्यांत ही बाई कुठेच नाही, कारण गोष्ट पहिल्या पाळीला सुरू होते आणि पॅडला संपते. माझ्याही प्रश्नावलीत ४२ प्रश्न होते. पांढरं जाणं कधी साधं असतं आणि कधी दाखवावं लागतं, हा प्रश्न नव्हता. सूज औषधानं बरी होते हे माहीत आहे का, हा नव्हता. डॉक्टरनं काढा म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारता येतं, हाही नव्हता. गर्भाशयाच्या पलीकडे अंडाशय नावाचं काही असतं आणि तेही काढलं तर तिशी गाठायच्या आत अंगातून वाफा निघायला लागतात, हाडं ठिसूळ होतात, हे तर मलाच तेव्हा नीट माहीत नव्हतं. ‘पिशवी’ या शब्दात हे काही मावत नाही. ‘गर्भाशय’ या शब्दात मावतं, पण तो दहावीच्या पुस्तकात राहतो.

गडचिरोलीत माडिया गोंडांच्या गावांत पाळीच्या बायकांसाठी कुर्माघर असतं, गावाबाहेरची झोपडी. त्यांतली काही अलीकडे पक्की बांधून दिली गेली: पलंग, संडास, पाणी, सौरदिवे. हे बघून काही जण चिडले की प्रथा मोडायची सोडून तिला फरशी कसली बसवता. मीही आधी चिडले होते. आता वाटतं, ज्या बाईला आज रात्री तिथेच झोपायचंय तिला दिवा हवा आणि साप नको, यात चुकीचं काय? पण मग तिथल्या मुलीला वाटणार की दिव्यासकट हे असंच असतं. याचा निकाल मला लावता येत नाही.

मागच्या दिवाळीत बहीण भेटली. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. बहीण म्हणाली, हिला आता सांगायला पाहिजे, तू ते पुस्तकातलं चित्र पाठव. मी दहावीच्या पुस्तकातल्या आकृतीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तिनं विचारलं, यात पिशवी कंची? मी लाल गोल करून पुन्हा पाठवला, आणि खाली लिहिलं की खरी आपल्या मुठीएवढी असते.

बराच वेळ निळी खूण दिसत होती. मग तिचा व्हॉइस मेसेज आला: “एवढीशीच व्हय? मला वाटलं लई मोठी आसती.” मागे मुलीचा आवाज, दाखव की, दाखव की. मग पुन्हा बहीण: “ह्या बाजूच्या दोन गोट्या ऱ्हायल्यात का गं माझ्या, का त्या बी काढल्या?”

मला माहीत नव्हतं. दवाखान्याचे कागद असतील तर त्यांवर लिहिलेलं असेल, फोटो काढून पाठव, असं मी सांगितलं. कागद सासूच्या पेटीत आहेत म्हणाली. अजून पाठवलेले नाहीत. कारखाने सुरू झालेत, ती आता मार्चनंतरच गावी येईल.